ब्याण्णवच्या वर

मी बोटाला लावायचा चिमटा बोलतोय. दुकानात मला ऑक्सिमीटर म्हणतात, या घरात ‘डबी’. माझ्या चिमटीत बोट द्या, रक्तात प्राणवायू किती आहे ते मी आकड्यात सांगतो. खोटं बोलायची सोय माझ्यात बसवलेलीच नाही. हा माझा मोठा गुण आहे अशी माझी समजूत होती.

मला आजारपणासाठी नाही, सहलीसाठी विकत घेतलं. घरात दोघंच. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, ती गादीच्या कारखान्यात शिलाई करायची. दोघंही नुकतीच कामातून मोकळी झालेली. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर त्यांनी एक नकाशा चिकटवला होता. पार उंचावरचं वाळवंट, झाड नाही की झुडूप नाही, मधोमध एक खारं तळं. पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहायचं, मग हळूहळू तळ्यावर जायचं, असं ठरलं होतं. तिच्यासाठी त्यानं स्वतःच्या हातानं काळा चष्मा बनवला होता, कडेनंही ऊन शिरणार नाही असा.

“तीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली,” ती म्हणायची. “जिथं हवेत काही म्हणजे काही उडत नाही, अशा ठिकाणी मला आठ दिवस बसायचंय. तुम्ही फिरा हवं तेवढं.”

तिथल्या हवेत धूळ नव्हती हे खरं. पण जे लागतं तेही कमीच होतं. म्हणून तर माझी खरेदी.

पहिल्या दिवशी त्यानं बोट घातलं, आकडा ठणठणीत. मग तिनं घातलं. मी एकोणनव्वद दाखवले.

“हात गार पडलाय तुझा,” तो म्हणाला. कोमट पाण्यात हात बुडवून झाला. एकोणनव्वद. मग नेलपॉलिशवर खापर फुटलं, ते पुसलं. एकोणनव्वद. मग सेल बदलले. शेवटी तो म्हणाला, “अगं, उंचावर आकडा कमीच येतो. आपण चौथ्या मजल्यावर नाही का राहत?”

“चौथा मजला म्हणजे काय डोंगर आहे?” ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. मग तीच म्हणाली, “स्वस्तातली डबी घेतलीत, दुसरं काय.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी. मला ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दोघं सरावाला लागली. पाठीवरच्या पिशवीत जुनी मासिकं भरून चार मजले चढायचे, उतरायचे. ती दुसऱ्या मजल्यावर टेकायची. कारखान्यात सगळ्याच खोकतात, असं सांगायची. पाच महिने गेले. मला त्या दोघांचा राग येत होता, अजूनही येतो. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की ते आधी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढतं, हेही मला कळलंय.

मग एक दिवस ती जिन्यातच बसली ती उठेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, छातीचे फोटो काढले. “फुप्फुसं कडक झालीत,” त्या म्हणाल्या. “हे आता मागे फिरत नाही. आहे ते जपायचं. आधी का नाही आलात?”

तो फोटो पुन्हा पाकिटात सरकवू लागला.

निघताना तिनं सहलीचं विचारलं. बाई मनानं मऊ. म्हणाल्या, “ब्याण्णवच्या वर राहिलात तर पुढच्या वर्षी बघू.” जिवाला बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील. पण ती त्या आकड्याला धरून बसली.

आता तिच्या खाटेशी प्राणवायूचं यंत्र घरघरतं. नाकात नळी. मी पुन्हा मानाचा झालोय, रोज सकाळी तिच्या बोटावर. पण तो मला लावतो ते माझं आकड्याचं तोंड स्वतःकडे करून.

“किती?” ती विचारते. तिला चष्म्याशिवाय असंही नीट दिसत नाही.

मी चौऱ्याऐंशी दाखवत असतो. पहिल्या दिवशी तो थोडा अडखळला होता. मग म्हणाला, “ब्याण्णव.” तिचा चेहरा असा उजळला की दुसऱ्या दिवशी त्याला त्या आकड्याच्या खाली येता येईना. परवा तो त्र्याण्णव म्हणाला. त्याची माया मला दिसते. तिचं पुढं काय होणार तेही दिसतं.

आज सकाळी तिनं हात लांब करून यंत्राचं बटण बंद केलं.

“अगं, काय करतेस?”

“सराव. तिथं वीज जाते म्हणतात. आकडा चांगला आहे तोवर सवय करते.”

तो उभाच राहिला. यंत्र चालू कर म्हणावं तर का ते सांगावं लागणार. तिचे ओठ जांभळे होत गेले. मी एकोणऐंशी दाखवले, मग पंच्याहत्तर. माझा बारीक आवाज टिटी करायला लागला तसा त्यानं मला मुठीत दाबलं.

“किती?” तिनं विचारलं. ती दोन अक्षरं विचारायलाही तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

“ब्याण्णव.” त्यानं वाकून बटण सुरू केलं. “आजच्यापुरतं पुरे.”

ती बराच वेळ धापा टाकत पडून राहिली. मग डोळे मिटूनच म्हणाली, “पाच मिनिटं झाली ना? उद्या दहा करू.”

तो “हो” म्हणाला आणि स्वयंपाकघरात गेला. नकाशासमोर पाठमोरा उभा राहिलेला मला इथून दिसतोय.

हे वाचणाऱ्यांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, शब्दही नाहीत. आहे तो एक आकडा. उद्या सकाळच्या आत या घरात कुणीतरी या, तिला चष्मा द्या आणि माझं तोंड तिच्याकडे वळवा.