हलव्याचा काटा

शुभा गेल्याचं सुमंतरावांना कळलं तेव्हा ते शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पार्किंग शोधत होते. थँक्सगिव्हिंग नुकतंच होऊन गेलं होतं, शनिवार होता, आणि साड्यांच्या दुकानांपुढे गाड्या अशा लागल्या होत्या की मध्ये सायकल शिरली नसती. शेवटी मिठाईच्या दुकानासमोरून एक व्हॅन निघाली. सुमंतराव तिच्या जागी गाडी घालतायत तोच मुलीचा, उर्वीचा, फोन आला. शुभा सकाळपासून तिच्याकडे नेपरव्हिललाच होती, नातवाला सांभाळायला.

"बाबा, आई गेली. सोफ्यावर बसल्या बसल्या. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खूप ट्राय केलं, पण..."

"आत्ताच पार्किंग मिळालंय," सुमंतराव म्हणाले.

फोन ठेवून ते उतरले, दुकानात गेले आणि शुभाने सांगितलेले तीळ घेतले. पांढरे, न भाजलेले. काउंटरवरच्या मुलीने "अंकल, बॅग?" असं विचारलं, त्यांनी मान हलवली, आणि मग नेपरव्हिलचा रस्ता धरला. त्या वेळी तीळ कशाला घेतले, याचं उत्तर त्यांना पुढेही देता आलं नाही. आणायला सांगितले होते म्हणून आणले, एवढंच.

तीळ हवे होते संक्रांतीच्या हलव्यासाठी. कोमट परातीत तीळ घ्यायचे, त्यांवर साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. एक थर सुकला की दुसरा. दाणा हळूहळू पांढरा होतो, फुगतो, आणि नशीब असेल तर त्याला बारीक काटे फुटतात. अशा दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट करून लहान मुलाला घालतात, काळं झबलं चढवून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओततात. हे बोरन्हाण. सुमंतराव-शुभा राहायचे त्या स्कोकीत बोरं मिळत नाहीत, म्हणून शुभा द्राक्षं घ्यायची. उर्वीच्या थोरल्या मुलीला, अदितीला, शुभाने स्वतः केलेले दागिने घातले होते. यंदा धाकट्या अनीशची पाळी होती.

जानेवारी लागला तशी उर्वी मुलांना घेऊन स्कोकीला आली.

"बाबा, न्यू जर्सीला एक बाई हलव्याचे दागिने करून पाठवतात. मी ऑर्डर करते."

"तीळ आणलेले आहेत," सुमंतराव म्हणाले.

"हो, पण करणार कोण?"

"मी बघतो करून."

उर्वी हसली. आई गेल्यापासून ती अशी मोकळी हसली नव्हती. "बाबा, तुम्हाला धड चहा येत नाही!"

"चहा येतो. तुम्हाला आवडत नाही, तो मुद्दा वेगळा."

"बरं. शुक्रवारपर्यंत काटा आला तर ठीक. नाहीतर मी एक्स्प्रेस शिपिंगने मागवणार. लोकांना बोलावून झालंय."

सुमंतराव कबूल झाले. दागिने कुठूनही आले असते आणि अनीशला काही कळलंही नसतं. पण शुभा हे कसं करायची, ते मग कोणालाच कधी कळलं नसतं. एवढी वर्षं एका घरात राहून त्यांनी ते एकदाही बघितलं नव्हतं. नोकरी होती तोवर ते कामावर असायचे, आणि निवृत्त झाल्यावर रोज सकाळी मॉलमध्ये चालायला जायचे. मग एक दिवस किचनच्या ओट्यावर भरलेली बरणी दिसायची. त्यातला चिमूटभर हलवा तोंडात टाकून ते टीव्हीपुढे बसायचे.

पहिला घाणा करपला. तीळ पिवळे झाले आणि घरभर जळकट वास सुटला. दुसऱ्या वेळी पाक जास्त पडला आणि सगळ्याची मिळून चिक्की झाली. ती अदितीने खाल्ली आणि "बेस्ट एव्हर" म्हणून शेराही दिला. तिसऱ्या घाण्याला सुमंतराव दिवसभर परातीपाशी बसले. बोटांची टोकं लाल झाली. संध्याकाळी दाणे पांढरे झाले होते, गोल झाले होते, आणि काचेच्या मण्यांसारखे गुळगुळीत होते.

"आजोबा, दे आर नॉट स्पायकी," अदिती म्हणाली.

उर्वीने एक दाणा जिभेवर ठेवला. "बाबा, ही होमिओपॅथी झाली. दिवसातून तीनदा, कॉफी पिऊ नये."

सुमंतरावांनी कोल्हापूरला फोन लावला. तिथे शुभाची धाकटी बहीण मृणालिनी राहायची.

"पाक एकतारी करताय ना?" मृणालिनीने विचारलं. "दुधाचा थेंब टाकून मळी काढली? आच मंद? मग झालं तर. काटा यायचा असला की येतो, भावोजी."

"यायचा असला की म्हणजे? कशावर अवलंबून असतं ते?"

"हाताच्या गुणावर."

हाताचा गुण सुमंतरावांना पटेना. त्यांनी नोकरीभर रस्त्यांच्या काँक्रीटची तपासणी केली होती. काँक्रीटला तडा गेला की हाताला दोष देऊन चालत नाही. पाणी बघायचं, सिमेंट बघायचं, हवा बघायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तसंच त्यांनी इथे केलं. आच बदलली. पाक पातळ केला, मग दाट केला. परात सोडून जाड बुडाची कढई घेतली. दाणे पांढरे होत गेले, मोठे होत गेले, पण काटा काही येईना. त्यांना राग येण्याऐवजी नवल वाटायला लागलं. त्याच घरात, त्याच परातीत, त्याच साखरेत तिला येत होतं. मग राहिलं काय?

मध्ये नेपरव्हिलला जाऊन गुरुवारी उर्वी मुलांना घेऊन परत आली. आल्या आल्या तिने कोटांचं कपाट उघडलं.

"बाबा, आईचे कोट देऊन टाकायचे का? चर्चमध्ये गोळा करतायत. एवढ्या थंडीत कोणाच्या तरी उपयोगी पडतील."

उर्वी एकेक कोट काढून सोफ्यावर ठेवत होती आणि सुमंतराव खिसे तपासत होते. एका खिशात टिश्यू होते, दुसऱ्यात खोकल्याची गोळी. शुभाचा जुना तपकिरी कोट हातात आला तेव्हा त्याची उजवी बाही त्यांना कडक लागली. मनगटापाशी पांढरट, खरखरीत काहीतरी वाळलं होतं.

"मीठ असेल," उर्वी म्हणाली. "बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते."

"मीठ बुटांना लागतं. पँटच्या काठाला लागतं. बाहीला कसं लागेल?"

"घसरून पडली असेल कधी."

"पडली असती तर मला सांगितलं नसतं?"

त्यांनी बाही तोंडाशी नेली आणि जिभेचं टोक लावलं.

"बाबा! ई!"

"आजोबा लिक्ड अ कोट!" अदिती ओरडली आणि ही बातमी सांगायला अनीशकडे पळाली. त्याला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं.

"गोड आहे," सुमंतराव म्हणाले.

ते कोट मांडीवर घेऊन बसले. साखर कोटाला लागली म्हणजे पाक हाताळताना कोट अंगात होता. पण घरात हीटर चालू असताना किचनमध्ये कोट घालून कोण बसतं? मग ते उठले आणि मागच्या दाराकडे गेले. दारापलीकडे काचा लावलेला बंद पोर्च होता. शुभा त्याला पडवी म्हणायची. तिथे हीटर नव्हता. एक विजेची शेगडी होती, घरात वास नको म्हणून मासे तळायला ठेवलेली. हिवाळ्यात शुभा फोन घेऊन तासन्‌तास तिथे जाऊन बसायची. दार जरा उघडं राहिलं की सुमंतराव आतून ओरडायचे, "घर तापवायचंय की सगळं शिकागो?" आपल्या टीव्हीच्या आवाजाला कंटाळून ती बाहेर बसते, असं ते धरून चालले होते.

त्यांनी पुन्हा कोल्हापूरला फोन लावला.

"मृणाल, जानेवारीत शुभा तुझ्याशी फोनवर बोलायची, तेव्हा काय करत असायची?"

"हलवा करत असायची. फोन स्पीकरवर असायचा. मधेच म्हणायची, थांब गं, चमचा सोडते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, माझ्या चुगल्या करत असेल."

"त्या पण करायची," मृणालिनी म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "आईही आम्हाला पहाटे अंगणात बसवायची हलवा करायला. मला वाटायचं, घरात पसारा नको म्हणून."

शुक्रवारी सकाळी सुमंतरावांनी शेगडी पुसली आणि परात पोर्चमध्ये नेली. बाहेर बर्फ होतं. काचांना आतून दव नव्हतं, इतकी तिथली हवा कोरडी होती. उर्वीने ऑफिसला सुट्टी टाकली होती. तिने आईचा तपकिरी कोट चढवला आणि स्टूल ओढून शेजारी बसली. अदितीची शाळा थंडीमुळे बंद होती. तीही स्नोपँट घालून आली. अनीश आत पाळण्यात झोपला होता.

"आता काय करायचं?" उर्वीने विचारलं.

"चमचाभर पाक सोड. मी फिरवतो. सुकेपर्यंत दुसरा सोडायचा नाही."

"सुकलं हे कसं कळणार?"

"आवाजावरून. ओलं असलं की चिकटतं, सुकलं की खडखडतं. एवढं मी शिकलोय."

बोटांना खालून परात कोमट लागत होती आणि मनगटाच्या वर हात गारठत होता. पाक पडायचा, दाण्यांना लागायचा, आणि पसरायच्या आतच थिजायचा. किचनमध्ये असं होत नव्हतं. तिथे तो आरामात सगळ्या दाण्यावर पसरून गुळगुळीत व्हायचा. सुमंतरावांनी हे उर्वीला सांगितलं. "जिथे थिजतो तिथेच पुढचा थेंब धरतो. बहुतेक असंच असावं. नक्की सांगता येत नाही."

"बाबा, तुम्ही एंजॉय करताय," उर्वी म्हणाली.

सुमंतराव परातीत बोटं फिरवत राहिले. शुभाला हे कारण ठाऊक होतं, की आईने अंगणात बसवलं म्हणून ती पडवीत बसायची? विचारायला हवं होतं. तिने सांगितलंही असतं, कदाचित हसूनच.

दुपारी पाळी अदितीकडे आली. तिने परातीत हात घातला आणि पटकन काढला.

"आजोबा! इट पोक्ड मी!"

तिघांची डोकी परातीवर वाकली. दाण्यांवर काटे आले होते. बारीक होते, सगळ्या दाण्यांना सारखे नव्हते, पण काटे होते. उर्वीने एक दाणा उचलून उजेडाकडे धरला. मग कोटाच्या बाहीने तिने नाक पुसलं.

व्हिडिओ कॉलवर मृणालिनीने चष्मा लावून पाहिलं. "आला की हो काटा! ताईसारखा नाही, पण आला. आता गुंफायला घ्या."

"सुई-दोऱ्याने ना?" उर्वीने विचारलं.

"अगं, सुई लावलीस की दाणा फुटतो. प्रत्येक दाण्याला दोऱ्याचा फास देऊन बांधतात."

"कसा फास?"

"ते ताई करायची. मी नुसती खायची."

उर्वीने फोनमधले अदितीच्या बोरन्हाणाचे जुने फोटो उघडले. मुकुट दिसत होता, हार दिसत होता, गालाला चिकटलेलं द्राक्ष दिसत होतं. मोठं करून बघितलं तरी गाठ दिसत नव्हती. ते दागिने त्याच दिवशी पोरांनी फोडून खाल्ले होते. सुमंतरावांनी धाग्याचं रीळ आणलं. पहिला दाणा फासातून निसटून फरशीवर गेला, दुसऱ्याचे काटे मोडले. मोडलेला अदितीने खाल्ला.

"बाबा, न्यू जर्सीचं काय करू?" उर्वीने विचारलं. "अजून ऑर्डर करता येईल."

"बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत केव्हाही चालतं ना?"

"चालतं."

"मग लोकांना पुढची तारीख कळव."

उर्वी फोन घेऊन आत गेली आणि मेसेज पाठवायला लागली. सुमंतराव आणखी एक दाणा घेऊन खिडकीपाशी बसले. या वेळी त्यांनी धागा आधी ओला करून बघितला. तोही निसटला. हलवा बरणीत भरून ठेवला होता. दागिना अजून एकही झाला नव्हता.