खारूताईच्या पुस्तकातली रिकामी चौकट

पुस्तक कोणाचे? ज्याचे नाव मुखपृष्ठावर, त्याचे! आपण सर्व जण असेच धरून चालतो. खुटबावचे हौसरावही तसेच धरून चालले होते.

तंत्रनिकेतनात तीस वर्षे यंत्ररेखाटन शिकवून निवृत्त झालेल्या हौसरावांनी गावच्या मुलांसाठी ‘खारूताई गुऱ्हाळात’ हे चित्रपुस्तक लिहिले होते. चोवीस पानांचा कच्चा नमुना त्यांनी दोऱ्याने शिवला होता. कोणत्या पानावर उसाची मोळी आणि कोणत्या पानावर उकळत्या रसाची काहील, हे पट्टीने आखून ठरवले होते. चित्रे केडगावच्या करुणाची. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या मुलीने चार महिने गुऱ्हाळावर बसून अशी चित्रे काढली, की पान उलटताच रसाचा वास यावा!

आज पुस्तक छपाईला जायचे होते. दौंडच्या छापखान्यात त्यांचा जुना विद्यार्थी नवनाथ संगणकावर पाने लावत होता. शेजारी करुणा रंग तपासत होती. हौसरावांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

“आता मागचं पान,” त्यांनी यादी काढली. “सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे आप्पा... एकूण नऊ शुभेच्छुकांचे फोटो.”

“सर, हे खारूताईचं पुस्तक हाय का वाढदिवसाचा फ्लेक्स?” नवनाथ म्हणाला.

करुणा खुदकन हसली. मग अडखळत तिने विचारले, “आबा, माझं नाव कुठं येणार?”

“अगं, जागाच उरली नाही. प्रकाशनाला माईकवरून घेऊ की तुझं नाव! शाल-नारळ देऊ.”

“व्हय,” तिने पिशवी उचलली. “पाटी रंगवली तरी नाव दुकानदाराचंच असतंय. पर आईला सांगून बसले, की पुस्तकावर माझं नाव येणार म्हणून.”

नवनाथ उठला. कपाटातून त्याने एक पिवळी पडलेली घडी काढून टेबलावर पसरली. नट-बोल्टचे निर्दोष रेखाटन. वर लाल शाईत शून्य! उजव्या कोपऱ्यातली नावाची चौकट मात्र रिकामी.

“ओळखलीत का शीट, सर? आठ दिवस खपलो होतो. तुम्ही शून्य दिलंत आन् म्हणालात, ‘काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात नसेल, तर चित्र चोरीचं!’ लई रडलो तवा. ह्या पुस्तकाला किती मार्क देता?”

हौसरावांनी शून्याखालची स्वतःची सही पाहिली. मग पडद्यावरचे नऊ चेहरे पाहिले. त्यांतल्या एकानेही ब्रश पाण्यात बुडवला नव्हता!

“शून्य!” ते गरजले. “काढ ते फोटो! सगळे!”

“सरपंच रुसतील, सर.”

“रुसू देत. पहिली प्रत त्यांच्या हातात देऊ. खारूताई काढील समजूत!”

मुखपृष्ठावर दोन नावे आली. हौसरावांनी खिशातून पट्टी काढली आणि दोन्ही नावांची अक्षरे सारख्याच उंचीची आहेत, हे पडद्यावर मोजून पाहिले. मागच्या पानावर फोटोंऐवजी खारूताई गुळाचा खडा कुरतडत बसली.

करुणाने आईला फोन लावला. “आई, आलं गं नाव!”

“मंग वाच की मोठ्यानं!” पलीकडून आवाज आला. करुणाने वाचले, हौसरावांनी नकळत टाळी वाजवली.

वाचकहो, काम करणाऱ्याच्या नावाला जागा उरत नाही, हे खरे नव्हे. ती आपणच आधी दुसऱ्यांना वाटून बसलेलो असतो. पुढच्या वेळी शुभेच्छुकांची यादी हाती घ्याल, तेव्हा कोपऱ्यातली चौकट आधी भरा!