गौरीआधी घासलेली टाकी

दिनानाथला आयुष्यात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे शंका घेणं. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा त्याने चहा यायच्या आतच होकार देऊन टाकला होता, आणि मुलगी चहा घेऊनच बाहेर यायची होती. ती आनंदी निघाली हे त्याचं नशीब. त्याच्या मते ही त्याची पारख.

पालघरहून बोईसरला जाताना मुरब्याचा फाटा लागायच्या अलीकडे त्याचं भाताचं खाचर होतं. तारापूरला कारखाने वाढले, तशी कारखान्यांची कँटीनंही वाढली. ती पाहून दिनानाथने खाचरात भराव घालून कोंबड्या कापून, सोलून, बर्फात घालून पाठवायचा कारखाना काढला. गावाने विचारलं, "आणि घाण पाणी?"

"त्याची सोय आधी केलीय," दिनानाथ म्हणाला. "कोंबड्या नंतर."

आणि ते खरं होतं. बोईसरच्या एका वर्कशॉपातून त्याने जाड पत्र्याची, झाकणाची, चांगली खोलीएवढी टाकी बनवून आणली होती. कोंबड्या धुतल्याचं पाणी, रक्त, चरबी, चुकार पिसं, सगळं नळाने तिच्यात जायचं. दर आठवड्याला टँकर येऊन ते उपसून न्यायचा. वर्कशॉपवाल्याने बजावलं होतं, टाकी चौथऱ्यावर ठेवा. दिनानाथने ती पुरली. "मोरी कोण ओटीवर बांधतं?" त्याने विचारलं. वर हातभर माती टाकली आणि त्याच्या बायकोने, आनंदीने, मातीत झेंडू लावला. झाकण तेवढं मातीबाहेर राहिलं.

शेजारी आत्मारामची चिकूची वाडी होती. आत्माराम दिनानाथचा लांबचा चुलतभाऊ आणि जवळचा वैरी. वयाने मोठा असल्याने वैर सांभाळण्याची जबाबदारी त्याने आपल्याकडे घेतली होती. त्या पावसाळ्यात त्याच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला. आत्मारामने ओंजळभर पाणी हुंगलं, कुंपणापलीकडच्या झेंडूंकडे पाहिलं आणि निदान करून टाकलं: टाकी गळतेय. लगेच त्याने ठाण्याच्या प्रदूषण खात्याला अर्ज धाडला. भाद्रपदात सरकारी साहेब येणार असं ठरलं. टाकी गळकी निघाली तर कारखान्याला त्याच दिवशी कुलूप.

"टाकी गळत नाही," दिनानाथ म्हणाला.

"कशावरून?" आनंदीने विचारलं.

"मी पुरलीय म्हणून."

आनंदी पातेल्यांकडे वळली. तिला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी गौरी यायच्या होत्या, आणि गौरी यायच्या आत घरातलं एकूण एक भांडं रिकामं करून, घासूनपुसून पालथं पडलं पाहिजे हा तिच्या सासूचा दंडक होता. अंगणात पातेल्यांचा डोंगर होता, आनंदीच्या हाताला चिंच आणि राख लागली होती. दिनानाथ ओटीवर बसून ते बघत होता. साहेबही उद्याच यायचा होता. बघता बघता त्याला सुचलं.

"बुधा!" त्याने हाक मारली. बुधा हा त्याचा जुना गडी. "टँकर बोलाव. टाकी उपसायची. साफ. लखलखीत."

श्रावण नुकताच उलटलेला, वर गणपती बसलेले, त्यामुळे कोंबड्या सध्या दीर्घायुषी होत्या आणि कारखाना थंड होता. काम सोयीचं होतं.

"अहो, रिकामी कशाला करताय?" आनंदी म्हणाली. "साहेब ती वापरातली टाकी बघायला येतोय."

"गौरीला तू खरकटी पातेली दाखवतेस का?"

आनंदीने पुढचं पातेलं ओढलं.

टँकरने टाकी उपसली. आत कोंडलेला वायू असतो, तेव्हा आत उतरायचं नाही, एवढं दिनानाथलाही ठाऊक होतं. म्हणून बुधा आणि त्याची बायको नवसी यांनी वरूनच नळी सोडली, लांब बांबूंना कुंचे बांधून टाकी घासली ते पाणीही पंपाने काढलं आणि बांबूंना फडकी बांधून टाकी कोरडी पुसली. दिनानाथने झाकणाच्या कड्याला स्वतः आंब्याचं तोरण बांधलं आणि समाधानाने जेवायला बसला. बाहेर पाऊस धरून लागला होता. आत्मारामच्या विहिरीचं पाणी आधीच इतकं वर आलं होतं की काठावर बसून हात धुता येत होते. रात्रभर पाऊस थांबला नाही.

सकाळी बुधा ओटीसमोर येऊन उभा राहिला.

"शेट, टाकी बाहेर आलीय."

"कुठे बाहेर?"

"वर. झेंडूसकट."

दिनानाथ धावला. टाकी खरंच जमिनीतून पुरुषभर वर आली होती, एका अंगाला कललेली. डोक्यावर झेंडूचं झुडूप, कपाळावर आंब्याचं तोरण. नळ तुटून लोंबत होता. जिथे ती पुरली होती तो खड्डा काठोकाठ पाण्याने भरला होता आणि टाकी त्यात निवांत डुलत होती. जमिनीखालच्या पाण्याने रिकामी टाकी उचलून बाहेर ठेवली होती.

दिनानाथला आयुष्यात पहिल्यांदा शंका आली. तिचं काय करतात हे माहीत नसल्याने त्याने ती बाजूला ठेवली आणि हुकूम सोडला, "सगळे वर चढा. दाबा."

बुधा चढला, नवसी चढली, कोंबड्या सोलणाऱ्या चार बाया चढल्या. टाकी बोटभरही खाली गेली नाही. नुसती झुलली.

"शेट, जत्रेतला पाळणाच हाय," वरून नवसी म्हणाली. "पैसं घेनार काय?"

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरला. पुण्याकडचा तरुण इंजिनियर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्याच्या डोक्यावर छत्री धरून आत्माराम. टाकीवर ओळीने बसलेल्या बाया पाहून साहेबाने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

आत्माराम मात्र सुखावला होता. "काय रं दिना, कोंबड्या सोडून होडी बांधली काय? मुरब्याच्या खाडीत नेऊन सोड, सोभंल! साहेब, ह्या गळक्या डब्याला आता कुलूप तरी कुठं लावनार तुमी?"

दिनानाथने तोंड उघडलं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण त्यामुळे तो पूर्वी कधी अडला नव्हता.

"आत्मारामभाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो. होडीच म्हणालात ना? भोक पडलेली होडी तरंगते का हो?"

आत्मारामची छत्री कलली. साहेबाच्या खांद्यावर पाणी ओघळलं.

"रात्रभर ती पाण्यात आहे," आपणच काय बोलतोय ते ऐकत, आणि ते पटत जाऊन, दिनानाथ पुढे म्हणाला. "आतलं बाहेर गळत असतं, तर बाहेरचं आत आलं नसतं? बुधा, झाकण काढ! साहेब, डोकावा. टिपूस दिसला तर कुलूप मी आणतो."

बाया उतरल्या, साहेब चढला. त्याने बॅटरी मारून आत बराच वेळ पाहिलं. आत ठणठणीत कोरडं होतं. "गळत असती तर बुडाली असती," तो सावकाश म्हणाला. "ही टाकी पक्की आहे."

"पन माजी विहीर?" आत्माराम ओरडला.

सगळे विहिरीवर गेले. साहेबाने पाणी हुंगलं, नाकाला रुमाल लावला आणि चार पावलांवरच्या काळपट ढिगाकडे बोट दाखवलं. पाऊस त्या ढिगावरून वाहत सरळ विहिरीत उतरत होता.

"हे काय?"

"ते? ती कुटी हाय. सुक्या बोंबलाची. चिकूला खत घालतो."

"तिला वास येतो."

"कुटीला?" आत्माराम खरोखरच चकित झाला. "नाय हो साहेब. जन्मापासनं वापरतोय, कदी आला नाय."

दिनानाथनेही मान हलवली. कुटी त्याच्याही घरी होती, आणि या बाबतीत तो भावाच्या बाजूने होता.

साहेबाने ढीग विहिरीपासून दूर हलवायला सांगितलं. मग दिनानाथकडे वळला. "तुमचा कारखाना चालू राहील. पण टाकी पुन्हा पुरायची नाही. चौथऱ्यावर बसवा, म्हणजे कोणालाही दिसेल."

"माझाही तोच विचार होता," दिनानाथ म्हणाला. "बघा ना, निम्मी तर वर आणूनच ठेवलीय."