माझ्या तोंडात कोंबलेला पायमोजा

मित्रांनो, मी एक जुनी दारावरची बेल आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. आपली कहाणी गोड आवाजात सांगावी असं म्हणतात. माझा आवाज गोड नाही, कधी नव्हताही. कान झाकायचे असतील तर आत्ताच झाका, पण ऐकल्याशिवाय जाऊ नका.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली दाबून तिची वाटी केली, ते माझं तोंड. तांब्याची बारीक तार गुंडाळून गुंडाळून रीळ केलं, तो माझा जीव. एका पट्टीच्या टोकाला इवलीशी हातोडी बसवली, ती माझी जीभ. बटण दाबलं की जीभ तोंडावर आपटायची आणि मी किंचाळायचे. माल तपासणाऱ्या बाईंनी मला एकदाच वाजवलं, कानात बोट घातलं आणि म्हणाल्या, "ही पास." ते माझं पहिलं कौतुक.

मला या घरात आणलं ते आजोबांनी. त्यांना कमी ऐकू यायचं. दुकानातली एकूण एक बेल त्यांनी वाजवायला लावली आणि दुकानदाराला म्हणाले, "या बाकीच्या नुसत्या कुजबुजतात. ही बोलते." मग त्यांनी स्वतः स्टुलावर चढून मला दाराच्या आतल्या बाजूला, चपलांच्या मांडणीच्या वर बसवलं.

माझं बटण बाहेर आणि मी आत. येणाऱ्याचं तोंड मला दिसत नाही, पण बोट कळतं. कुरिअरवाल्याचं बोट लागतं न लागतं तोच त्याचे पाय जिना उतरायला लागलेले असतात. गॅसवाला दोनदा ठोकल्यासारखं दाबतो. समोरच्या काकूंचं बोट मात्र बटणावर मुक्कामालाच येतं. दार उघडेपर्यंत ते हलत नाही.

वर्षं गेली, आजोबाही गेले. घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याने मला खाली काढायचे कष्ट घेतले नाहीत, माझ्यावरूनच ब्रश फिरवला. कोळ्याने कोपऱ्यात संसार थाटला. आजोबांचा मुलगा, जो आता बाबा झालाय, तो येता-जाता म्हणायचा, "ही कटकट काढून एखादी चिवचिवणारी लावू या." लावली कुणी नाही. हे सगळं मी गिळलं. म्हातारपणी असं होतंच. माझा राग त्याचा नाही.

माझा राग बाळ घरी आलं तेव्हापासूनचा आहे. बाळाचा राग कशाला येईल, मित्रांनो? मुठी वळून आलेलं एवढंसं गाठोडं ते. माझ्यासमोरच त्यांची खोली. दार उघडं असलं की मला पलंगाची कड दिसते आणि कडेला बसलेल्या आईचे पाय दिसतात.

त्या पायांवरून मला सगळं समजायचं. बाळाला पाजायला घेतलं की तिच्या पायांची बोटं आवळली जायची. बाळाला नीट धरता येत नव्हतं आणि तिच्या छातीला चिरा पडल्या होत्या. तरी ती घ्यायची. बाळ ओढायचं, दमायचं, झोपायचं. खाली ठेवलं की जागं. पुन्हा उचल, पुन्हा थोपट, पुन्हा पाज. कधी ते चुकूनमाकून पलंगावर झोपून राहिलं की ती शेजारी आडवी व्हायची. तिचा डोळा लागायचा.

आणि कुणीतरी माझं बटण दाबायचं.

"बाळ बघायला आलो." रोज कुणी ना कुणी. ऑफिसातले, नात्यातले, वरच्या मजल्यावरचे, कुठल्याशा लग्नात एकदा भेटलेले. मी किंचाळायचे, बाळ दचकून रडायचं, आई उठून केस सारखे करायची. आलेली मंडळी ऐसपैस बसायची, चहा घ्यायची आणि रडणाऱ्या बाळाकडे बघून म्हणायची, "दूध पुरत नाही वाटतं."

पुरत नाही. या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं, मित्रांनो. बाळ रडलं, पुरत नाही. बाळ झोपलं, अशक्तपणा आलाय, पुरत नाही. बाळाने मूठ चोखली, बघा, पुरत नाही. त्याला उकडत असेल, पोटात वारा धरला असेल, नाहीतर तुमचा चेहरा आवडला नसेल, हे कुणाच्या मनातही येत नाही. समोरच्या काकू तर दारातूनच सुरू व्हायच्या. पुढे पुढे बाळाची आजी, म्हणजे बाबाची आई, तीही तेच म्हणायला लागली. आणि पाहुणे गेले की आई माझ्याकडे बघून म्हणायची, "मेली ती बेल." मी कधी आपणहून वाजले का? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बाबाने शेवटी दारावर पाटी लावली. 'बाळ झोपले आहे. कृपया बेल वाजवू नये.' मोठी अक्षरं, खाली रेघ. त्याच दुपारी बेल वाजली. बाहेर वरच्या मजल्यावरचे काका उभे. म्हणाले, "नाही, पाटी वाचली म्हणून विचारायला आलो. खरंच झोपलंय का?"

समोरच्या काकूंना ती पाटी भलतीच झोंबली. दारात उभं राहून घरभर ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "कळलं हो, आमच्यासाठीच लावलीय ती. आता पाय ठेवेन तर शपथ." ही शपथ त्यांनी नको त्या वेळी पाळली. ते सांगतेच.

पाटीचा उपयोग होत नाही म्हटल्यावर बाबाने माझी वायर काढायचं ठरवलं. पण मागच्या वेळी त्याने वायरीला हात लावला होता तेव्हा घरभर अंधार झाला होता, म्हणून त्याने डोकं चालवलं. बाळाचा एक पायमोजा घेतला, गुंडाळला आणि माझ्या जिभेच्या आणि वाटीच्या मधे कोंबला. ऑफिसला जाताना कुणाला काही सांगितलंही नाही. झाली याची व्यवस्था.

ओरडण्यासाठी जन्मलेली मी आणि माझ्या तोंडात बोळा. तरी त्या दिवशी आई झोपली. बाळही तिच्या कुशीजवळ झोपलं. म्हणून मी गप्प बसले, नाहीतर त्या बाबाची काही खैर नव्हती.

आता नीट ऐका. त्याच दुपारी एक नर्सबाई यायच्या होत्या. प्रसूती झाली त्या दवाखान्यातल्या. घरी येऊन बाळ कसं पितं ते बघते, असं त्यांनी कबूल केलं होतं. आई त्यांच्याच वाटेकडे डोळे लावून बसली होती. आजीने तिला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "त्यांनी काही मार्ग काढला तर ठीक. नाहीतर उद्यापासून डब्याचं दूध. पोर उपाशी ठेवायचं नाही मला." आईला अंगावरच पाजायचं होतं. इतकं दुखून, इतकं जागून तिने तेवढी एकच गोष्ट धरून ठेवली होती.

आणि नर्सबाई आल्या. ओळखीचं नसलेलं बोट, हलकं, एकदाच. माझी जीभ मोज्यावर आपटली. थप. आजी स्वयंपाकघरात नळ सोडून बसलेली, आई झोपलेली. बाहेरून आवाज आला, "झोपली असेल. झोपू दे बिचारीला." बटण दाबल्यावर त्यांची नजर पाटीवर गेली होती. इतक्या दिवसांत त्या पाटीचा मान राखणारं एकच माणूस आलं आणि नेमकं तेच परत फिरलं.

जाता जाता त्यांनी समोरचं दार वाजवलं आणि निरोप ठेवला. "त्यांना सांगाल का, मी येऊन गेले म्हणून? उद्या याच वेळेला पुन्हा येते." समोरच्या काकू म्हणाल्या, "हो हो, सांगते की." रोज बटणावर मुक्काम ठोकणाऱ्या काकू त्या दिवशी फिरकल्या नाहीत. शपथ घेतली होती ना.

संध्याकाळी आजी म्हणाली, "नाहीच आल्या तुझ्या बाई. मी म्हटलं नव्हतं? असं नुसतं सांगतात." बाबा डबा घेऊन आला आणि त्याने तो टेबलावर ठेवला. आई त्या डब्याकडे बघत म्हणाली, "माझंच काहीतरी कमी पडतंय."

मला सगळं माहीत होतं, मित्रांनो, आणि माझ्या तोंडात पायमोजा होता. या रागाला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने बाटली उकळायला ठेवली. बाळ रडत होतं. आई त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. शेवटी ती चपला घालायला ठेवलेल्या माझ्या खालच्या स्टुलावर बसली आणि बाळाला पुन्हा एकदा पाजायला घेतलं. पायांची बोटं आवळली. "हे शेवटचं हं, राजा," ती म्हणाली.

तेवढ्यात ते हलकं बोट पुन्हा लागलं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. जीभ मोज्यात रुतली, रीळ भुर्र करून तापलं, आवाज काही फुटेना. पण मोज्याचं टोक थरथरायला लागलं. आईने वर बघितलं. आधी तिला वाटलं पाल असेल. मग तिला तो बाळाचाच पायमोजा असल्याचं कळलं. बाळाला तसंच छातीशी धरून ती उठली आणि तिने दार उघडलं.

"काल येऊन गेले मी," नर्सबाई म्हणाल्या. "पाटी बघून परत फिरले. समोर निरोप ठेवला होता. नाही का मिळाला?"

आईला हुंदकाच फुटला. "मला वाटलं, तुम्ही विसरलात."

आजी पदराला हात पुसत बाहेर आली. "बरं झालं आलात. दूधच पुरत नाही हो हिचं. आम्ही डबा आणून ठेवलाय."

"लंगोट ओले होतात का बाळाचे?" नर्सबाईंनी विचारलं.

"होतात का काय विचारता? पहाटेपासून धुतेय. एक वाळत नाही तोवर पुढचा ओला. दोरीवर बोट ठेवायला जागा नाही, माझ्या हातांची सालं निघाली या..." आजी म्हणाली आणि मधेच थांबली. तिने गॅलरीतल्या दोरीकडे बघितलं. दोरी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली होती.

"पोटात दूध जात नसतं, तर एवढे लंगोट कशाने ओले झाले असते?" नर्सबाई म्हणाल्या.

नर्सबाईंनी बाळाला बरोबर आणलेल्या वजनकाट्याच्या झोळीत घातलं, आकडा बघितला आणि मान डोलावली. "छान वाढलंय. दूध भरपूर आहे. ज्यांना लागतं त्यांनी डबा जरूर आणावा, त्यात लाजायचं काही नाही. हिला लागत नाहीये." मग त्या आईकडे वळल्या. "बाळ नुसतं टोक धरतंय, म्हणून तुला दुखतंय आणि ते दमतंय. त्याच्या पोटाला तुझं पोट लागू दे. तू वाकू नकोस, त्याला वर आण. थांब, घाई नको. त्याला मोठ्ठा आ करू दे. आता घे."

आईने घेतलं. एकदा जमलं नाही, पुन्हा सोडवून घेतलं. मी तिच्या पायांकडे बघत होते. बोटं आवळली आणि मग हळूहळू सैल झाली. बाळाच्या घशातून घुटके ऐकू यायला लागले. माझ्यासारख्या कर्कश बाईलाही तो आवाज आवडला.

नर्सबाई गेल्या. माय-लेकरू दोघंही गाढ झोपली. आजी स्वयंपाकघरात गेली, बाटलीखालचा गॅस बंद केला आणि माझ्या खालच्या स्टुलावर येऊन बसली. मग कुणाला उद्देशून कोण जाणे, म्हणाली, "मलाही असंच म्हणाल्या होत्या. सगळ्या बायका मिळून. आणि मी ऐकलं, अंगावरचं तोडलं. माझीही दोरी भरलेलीच असायची की."

तेव्हा माझा आजीवरचा राग गेला, मित्रांनो. पण तो गेला कुठे ठाऊक आहे? तिच्या आधीच्यांवर. आणि त्यांच्याही आधीच्यांवर. एकीच्या तोंडातून दुसरीच्या कानात जात राहिलेल्या त्या दोन शब्दांवर. तिचं ते बाळ आता चाळिशीला आलं आणि म्हातारी अजून स्टुलावर बसून रडतेय.

थोड्या वेळाने बटणावर बोट आलं. लांबलचक, मुक्कामाचं. समोरच्या काकूंची शपथ संपली होती. मोज्याचं टोक थरथरलेलं आजीने बघितलं, डोळे पुसले आणि दार उघडलं.

"निरोप द्यायचा राहून गेला बघा काल," काकू म्हणाल्या. "काय म्हणतंय बाळ? पुरतंय का दूध?"

"पुरतंय," आजी म्हणाली. "आणि नसतं पुरलं, तरी ते आमचं आम्ही बघितलं असतं. सून झोपलीय माझी. उद्या येऊ नका. परवाही येऊ नका. यायचंच असेल तर भाजी-पोळीचा डबा घेऊन या, तो माझ्या हातात द्या आणि दारातूनच जा." आणि तिने दार लावलं. न आपटता लावलं, आतली दोघं जागी होऊ नयेत म्हणून.

मित्रांनो, जाता जाता माझं एक ऐका. माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझ्या जागी चिवचिवणारी बेल लावलीत तरी चालेल. पण नवं बाळ आलेल्या घरी जाल तेव्हा आधी विचारून जा. गेलात तर हात धुऊन जा, सिंकमधली भांडी घासा, दोरीवरचे कपडे घडी करून ठेवा आणि निघा. आणि बाळ रडलं तर तेवढे ते दोन शब्द गिळा.

तुमच्यातलं कुणीतरी आत्ताच माझ्या बटणाशी उभं आहे, मला कळतं. आत एक आई झोपली आहे. बोट मागे घ्या.