नुसता बेसला पाय

अंपायरने दोन्ही हात आडवे पसरून ‘सेफ’, म्हणजे नाबाद, दिला, तेव्हा भरत सरांना वाटलं, ह्या माणसाला काही दिसलंच नाही.

राजुरीच्या शाळेच्या पोरी बेसबॉलमध्ये पहिल्यांदाच जिल्ह्यापर्यंत आल्या होत्या. शेवटचा डाव, गुण बरोबरीत. समोरच्या संघाची एक मुलगी पहिल्या बेसवर होती, एक आधीच बाद झालेली. राजुरीच्या तेजस्विनीने आलेला चेंडू अडवून पहिल्या बेसवर पाय ठेवला आणि मारणारी मुलगी बाद झाली. मग तिने चेंडू दुसऱ्या बेसवर अमृताकडे फेकला. पळणारी पोचायच्या कितीतरी आधी अमृताचा पाय बेसवर होता. तिसरीही बाद, डाव संपला, असं समजून अमृताने चेंडू जमिनीवर टाकला आणि सगळ्याजणी एकमेकींकडे धावल्या.

पण ती पळणारी मुलगी बाद नव्हतीच. तिचे सर बाहेरून ओरडले, तशी ती तिसरा बेस ओलांडून थेट होमपर्यंत, जिथे गुण मिळतो तिथे, पळाली. एका गुणाने सामना गेला.

भरत सर अंपायरच्या अंगावरच गेले. तुम्हाला डोळे आहेत का, असंही बोलून गेले. अंपायर तरुण होता, पण चिडला नाही.

“सर, मागून बॅटर पळत येतेय तोवर पहिल्या बेसवरच्या मुलीला पुढं जाणं भाग असतं. तेव्हा नुसता बेसला पाय लावून चालतं. तुमच्या मुलीनं आधी बॅटरलाच बाद केलं. मग हिला मागं फिरायला बेस मोकळा झाला. आता अंगाला चेंडू लावल्याशिवाय ही बाद होत नाही.”

सर इतकी वर्षं हा खेळ शिकवत होते, नियम आत्ता कळला होता.

ते मूळचे खो-खोचे. बेसबॉल त्यांच्या गळ्यात पडला होता. तालुक्यात संघ थोडे, पुढे जाणं सोपं, आणि पोरींना दहावीत सवलतीचे गुण मिळतात म्हणून. एका शिबिरात जेवढं समजलं, तेवढ्यावर त्यांनी चालवलं होतं. सरावाच्या वेळी अमृतानेच विचारलं होतं, अंगाला चेंडू कधी लावायचा आणि नुसता पाय कधी. सरांना सांगता आलं नाही, म्हणून ते खेकसले होते. बेस दिसला की पाय लाव, लई डोकं लावू नको.

परतताना गाडीत पोरी अमृतालाच बोलत होत्या. ती खिडकीबाहेर बघत होती. सर पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकत होते. नारायणगाव आलं, गेलं.

राजुरीला अमृताचे वडील तुळशीदास मोटारसायकल घेऊन थांबले होते. तिथे मात्र सर खाली उतरले.

“तुळशीदासभाऊ, चूक माझी हाय. मीच नीट शिकवलं न्हाई.”

मास्तरांनी असं बोलावं, हेच तुळशीदासांना अवघड वाटलं. “कसं बोलता, सर. तुमी एवढ्या लांब नेलं, त्येच लई झालं. हिचंच ध्यान नसंल.”

सरांनी पुन्हा सांगायला सुरुवात केली, बॅटर, पहिला बेस, मागे फिरणं. तुळशीदासांनी आदराने मान हलवली आणि गाडीला किक मारली. अमृता त्यांच्या मागे बसली.

सोमवारी शाळा भरायच्या आधी सरांनी मैदानात बेस मांडले आणि अमृताला बोलावून घेतलं. ती दहावीत होती. जिल्ह्याची ती स्पर्धा शाळेकडून खेळायची तिची शेवटची होती.

“आता शिकून काय करू, सर?” तिने विचारलं. आवाजात उद्धटपणा नव्हता.

सरांनी तिच्या हातात चेंडू दिला, दुसऱ्या बेसवर उभं राहायला सांगितलं आणि स्वतः पहिल्या बेसवर गेले. “बॅटर बाद झालीय, असं धर,” एवढं म्हणून ते पळत सुटले. गुडघा धरत होता. पोट हलत होतं. व्हरांड्यातून दोन-चार मुलं हसली.

अमृता त्यांना येताना बघत राहिली. मग बेस सोडून पुढे आली आणि तिने चेंडू त्यांच्या खांद्यावर दाबला. दुखेल इतका जोरात.

सर हलले नाहीत.

प्रार्थनेची घंटा झाली. अमृताने चेंडू त्यांच्या हातात दिला आणि ती रांगेकडे निघाली. सर खांदा न चोळता, वाकून एकेक बेस उचलू लागले.