शेवटचा फर्मा

आमच्या छापखान्यात उलटं वाचता येणारी मी एकटीच मुलगी. अख्ख्या कल्याणात एकटीच असेन, पण तसं म्हटलं की आई म्हणते, "पुरे गं तुझं, सुहास!" छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात ना, ते मी पेपर वाचावा तसे भराभर वाचते. मला कुणी बसवून शिकवलं नाही. आमचे जुळारी भिवाकाका खिळे जुळवायचे, मी शेजारी उभी राहून बडबडत असायचे, तेव्हाच शिकले. त्यातून सत्तेचाळीस साली मी इंग्रजी पाचवीत इंग्रजीत पहिली आले आणि माझे पाय जमिनीला लागेनात. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते यामुळेच झालं.

त्या श्रावणात छापखान्यामागच्या खोलीत पोलंडची एक बाई राहायला आली. उंच, काटकुळी, गव्हाच्या काडीसारखे केस. दारात उभी राहून म्हणाली, "पानी यानिना." आई आत गेली आणि तांब्याभांडं घेऊन आली. पोलिश भाषेत पानी म्हणजे बाई, हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले. तोवर ती बिचारी दर वेळी नाव सांगून पाणी पीत होती.

आम्ही दोघी मोडक्या इंग्रजीत बोलायचो. इथे सगळं मराठीत लिहिते.

लढाईत तिचा देश गेला, नवरा गेला. रशियातल्या बर्फातून, इराणातून ती कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत पोचली आणि तिथे चार वर्षं तिने पोलिश मुलांना शिकवलं. आता ती मुलं बोटीने इंग्लंडला जाणार होती. पानीही जाणार होती, पण बोटीच्या डॉक्टरने तिची छाती नापास केली. क्षय. एका पहाटे मुलं झोपेत असताना तिला छावणीतून हलवलं आणि इथल्या मिशनच्या दवाखान्याच्या ओळखीने ती कल्याणात आली.

"मुलांना सांगितलंय की मी पुढे गेले," ती म्हणाली. "तिकडे त्यांची शाळा लावायला."

"मग?"

"मग काय? ती बंदरावर मला शोधतील."

तिच्या वर्गात बेचाळीस मुलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि इंग्लंडच्या शाळेत एकदम बसायचं होतं. म्हणून पानीला एक पुस्तिका छापायची होती. डावीकडे शाळेतले इंग्रजी शब्द, उजवीकडे पोलिश. सोळा पानं, आणि सोळाव्या पानावर तिचं मुलांना पत्र.

माझे वडील, अण्णा, म्हणाले, "बाई, आमच्याकडे इंग्रजी खिळ्यांची एकच केस, म्हणजे खणांची पेटी, आहे. एका वेळी चारच पानं जुळतील. ती छापायची, खिळे सोडवून परत खणात टाकायचे, मग पुढची चार. चार फर्मे होतील."

"आणि शेपटीवाली अक्षरं?" मी विचारलं. पोलिशमध्ये ए आणि इ या अक्षरांना खाली शेपट्या असतात, एलच्या पोटातून काठी जाते. असले खिळे आमच्याकडे कुठले!

"शेपट्या तू काढायच्या. टाकाने."

मी काढल्या. रोज शाळा सुटल्यावर बसायचे आणि बेचाळीस प्रतींना शेपट्या लावायचे. भिवाकाका शहाडहून चालत यायचे, ते म्हणायचे, "गो पोरी, मारुतीला बी एकच शेपटी. तू तर कारखानाच काढलास!"

इंग्रजी शब्दही पुष्कळसे मीच दिले, त्यांचे पोलिश शब्द पानी सांगायची. स्कूल म्हणजे श्कोवा. चॉक म्हणजे क्रेडा. फळा म्हणजे ताब्लित्सा, शाई म्हणजे अत्रामेंत. विद्यार्थी उचेन् आणि विद्यार्थिनी उचेन्नित्सा, म्हणजे मी. मी 'स्टँड अप ऑन द बेंच' हेही दिलं, 'होल्ड युवर इअर्स' दिलं.

पानीने विचारलं, "इंग्लंडमध्ये बाकावर उभं करतात?"

"शाळा म्हटली की करणारच ना!" मी ठणकावून सांगितलं.

ती इतकी हसली की खोकला लागला. खोकला थांबल्यावर रुमाल घडी करून मुठीत दडवला आणि म्हणाली, "छापू. माझा एक विद्यार्थी आहे, त्याला हमखास लागेल."

सोळाव्या पानाचा अर्थ तिने मला एकदाच सांगितला. 'माझ्या मुलांनो, मी तिकडे नाही. बंदरावर मला शोधू नका. मी आजारी आहे म्हणून मला इथे ठेवलं, तुम्हाला टाकून मी गेले नाही. नव्या बाईंच्या तासाला लक्ष द्या. त्यांना माझ्याशी ताडून पाहू नका.' एवढंच. ते पान भिवाकाकांनी जुळवलं तेव्हा त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण एकही चूक निघाली नाही.

नवरात्र आलं. तीन फर्मे छापून झाले होते, चौथा जुळवून, चौकटीत आवळून फर्मे मांडायच्या दगडावर तयार होता. मुलांची गाडी पौर्णिमेनंतर कल्याणवरून मुंबईला जायची होती, म्हणजे वेळ होता.

आमच्या छापखान्याची एक रीत आहे. खंडेनवमीला यंत्राची पूजा असते आणि त्या दिवशी एकही खिळा आपल्या खणाबाहेर राहता कामा नये. सगळी अक्षरं घरी आली पाहिजेत, असं आजोबा म्हणत. म्हणून अष्टमीला सगळे फर्मे सोडवायचे, खिळे धुवायचे आणि खण भरून ठेवायचे. मग दसऱ्याला पूजेचं उद्वासन होईपर्यंत यंत्राला नि खिळ्यांना कुणी हात लावायचा नाही.

अष्टमीला दुपारी भिवाकाका घरच्या घटासाठी लवकर गेले. अण्णा झेंडू आणायला निघाले आणि दारातून म्हणाले, "दगडावरचा दिवाळीच्या जाहिरातीचा फर्मा सोडून ठेव. मी आलो की बाईंचा शेवटचा छापू आणि यंत्र धुऊ."

शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. पहिलं कानावर पडलं आणि माझे हात शिवशिवायला लागले! आजवर कुणी मला एकटीला फर्मा सोडू दिला नव्हता. जाहिरात अर्ध्या तासात सोडली. मग बघते तर शेजारी पानीचा फर्मा, आणि त्याचं तपासलेलं प्रूफ भिंतीवरच्या खुंटीला टांगलेलं. प्रूफ टांगलं म्हणजे काम झालं, असं मी धरून चालले. अण्णा आले की दगड कसा आरशासारखा स्वच्छ दिसेल! चौकट सैल केली. सोळावं पान सगळ्यात शेवटी सोडलं. उलटं वाचत वाचत, गाणं म्हणत, एकेक अक्षर घरी टाकलं.

अण्णा आले. दगडाकडे पाहिलं. पिशवी खाली ठेवली.

"छापलेले कागद कुठायत?"

"कसले?"

त्यांनी डोळे मिटले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चार पानं परत जुळवायला भिवाला पुरा दिवस लागेल. असू दे. गाडीला अवकाश आहे, दसरा झाला की करू."

आणि नवमीला सकाळी, यंत्राला हळदकुंकू वाहून झाल्यावर, पानी पत्र घेऊन आली. छावणीच्या कचेरीतून आलेलं. बोट आधी सुटतेय. गाडी उद्या, दसऱ्याला, सकाळी दहाला कल्याणला थांबेल. दहा मिनिटं. पानीच्या गालांवर लाल चट्टे उठले होते आणि ती हसत होती.

ती गेल्यावर मी अण्णांचे पाय धरले. "अण्णा, आजच जुळवू या. देवी रागावणार नाही."

"आपल्या हाताने मांडलेली पूजा आपणच विस्कटायची?" ते यंत्राकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आणि भिवा शहाडला. तुझ्या माझ्या हातून चार पानं रात्रीत होणार नाहीत, सुहास. छापलेली बारा आहेत तेवढी शिवून घे."

"सुईसुद्धा पूजेत असेल," मी रडत म्हटलं.

"माझी नाही मांडली," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ये, घेऊन जा."

"आणि बाईंना आत्ता जाऊन सांग," अण्णा म्हणाले. "केलंस तू, सांगायचंही तूच."

मी गेले. पानी खोलीत बुटांना पॉलिश करत होती. निळा झगा इस्त्री करून खुर्चीवर टाकलेला. मला बघून म्हणाली, "शेवटचं पान झालं?"

वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारी मी. इन्स्पेक्टरसाहेबांना उलट प्रश्न विचारणारी मी. मी म्हटलं, "झालं."

त्या क्षणी सांगितलं असतं, तर तिने बसून बेचाळीस चिठ्ठ्या हाताने लिहिल्या असत्या. तिला वेळ होता. तिच्याजवळ कागद होते, पेन होतं, आणि तिच्या घरात कसली पूजा नव्हती. तो वेळ मी घालवला. फर्मा सोडला ती चूक होती. ही चूक नव्हती.

दसऱ्याला स्टेशनवर फाळणीच्या निर्वासितांच्या वळकट्यांनी पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी आली, इंजिनाला झेंडूची माळ. खिडक्याखिडक्यांतून पिवळी डोकी बाहेर आली आणि एकच कालवा झाला, "पानी! पानी!" स्टेशनवरच्या पाणीवाल्याला वाटलं त्यालाच बोलावतायत, तो धावत सुटला.

मुलांबरोबरची, दंडाला पट्टी बांधलेली एक बाई खाली उतरली आणि पानीला हाताने थोपवून काहीतरी म्हणाली. पानीने मान हलवली आणि दहा पावलं मागे, खांबाला टेकून उभी राहिली. क्षयामुळे मुलांच्या जवळ जायचं नव्हतं. तिने मला खूण केली. मी खिडकी-खिडकीला जाऊन पुस्तिका वाटल्या. हान्या नावाची नऊएक वर्षांची मुलगी माझा हात सोडेना.

सगळ्यांच्या हातात पुस्तिका पोचल्यावर पानीने मोठ्याने काहीतरी सांगितलं. मला ते दोन शब्द येत होते. शेवटचं पान.

बेचाळीस मुलांनी शेवटचं पान उघडलं.

ते बारावं पान होतं, सुट्ट्यांचं. मुलं वर बघायला लागली. पानीने एका मुलाला विचारलं, त्याने पुस्तिका तिच्याकडे वळवून धरली. इतक्या लांबून तिला अक्षरं दिसली नसतील, पण पानावर पत्र नाही, दोन रांगा आहेत, एवढं दिसलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

तिने बोलायला तोंड उघडलं. एक शब्द आला, आणि खोकला. ती खांबाला धरून वाकली. मुलांना वाटलं, बाई धडा म्हणायला सांगतायत. त्या मुलानेच सुरुवात केली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून. "हॉलिडेज! वाकात्स्ये!" मग सगळ्या डब्याने, एका सुरात, "हॉलिडेज! वाकात्स्ये!" शिट्टी झाली. पानी सरळ उभी राहिली. रुमाल मुठीत धरून तिने दुसरा हात वर केला आणि वर्गात धरतात तसा ताल धरला. गाडी हलली तरी ती ताल धरून होती. हान्या खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली, "दो झोबाचेन्या, पानी!" म्हणजे, भेटू.

परत येताना मी सगळं सांगितलं. रस्त्यातच, रडत, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी. ती चालत राहिली. आमच्या दाराशी आल्यावर म्हणाली, "काल विचारलं होतं मी."

"हो."

"हं," ती म्हणाली आणि खोलीत गेली.

अण्णांनी कोजागरीनंतर चौथा फर्मा पुन्हा जुळवून घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. सोळाव्या पानाच्या बेचाळीस प्रती छापून त्यांनी पानीच्या दारात ठेवल्या. पाठवायच्या कुठे? लंडनच्या कचेरीला तिने दोन पत्रं लिहिली, मुलं कुठल्या गावी गेली ते कळेना. मला ती पूर्वीसारखीच शब्द शिकवत राहिली, पण विचारलं तरच सांगायची. माघात तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथेच ती गेली. तिची पेटी नेणाऱ्यांनी कागदाचा गठ्ठा आमच्याकडेच ठेवला. कागदाची टंचाई होती, भिवाकाका त्याच्या कोऱ्या बाजूवर प्रूफं काढायला लागले. मीही अडवलं नाही.

वैशाखात एक कार्ड आलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तळाला कायद्याप्रमाणे छापखान्याचं नाव-गाव होतं, त्या पत्त्यावर. हान्याचं, इंग्रजीत. 'डिअर पानी, आम्ही शाळेत आहोत. इथे बाकावर उभं करत नाहीत. शनिवारी बस येते तेव्हा मी फाटकाशी जाते. तू कोणत्या शनिवारी येणार?'

गठ्ठ्यात कोऱ्या पाठीच्या तीन प्रती उरल्या होत्या. त्यातली एक घेतली. अक्षरांना शेपट्या काढल्या. खाली इंग्रजीत लिहायला बसले. पानी कधी गेली ते लिहिलं, कुठे गेली ते लिहिलं. मग हे पान तेव्हा पुस्तिकेत का नव्हतं ते लिहिलं, आणि आदल्या दिवशी तिने विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं तेही.

अण्णांनी वाचलं. चष्मा काढला. "हे शेवटचं कशाला? लहान मुलगी आहे. तिला काय कळणार फर्मा कसा सोडतात ते."

"ते मी समजावून लिहिलंय," मी म्हटलं.

"तुझा राग करेल ती."

"करू दे."

त्यांनी कागद परत दिला. मी घडी घातली, पाकिटावर पत्ता लिहिला आणि पोस्ट बंद व्हायच्या आत निघाले.