पश्चिमेकडच्या बुटक्या रांगा

संग्रहालयात त्याला सगळे प्लास्टरमास्तर म्हणत. डोंगरदऱ्यांचे उठावाचे नकाशे करणं हे त्याचं काम. दालनातला जुना मोठा नकाशा तडकला, तेव्हा नव्या संचालकबाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "नवा करा. पण उंची खरी ठेवायची. फुगवायची नाही."

जुन्या नकाशात सगळेच डोंगर पाचपट उंच होते. मास्तरने हिशोब मांडला. पूर्वेचा नावाजलेला पर्वत तरीही बोटभर उभा राहत होता. पश्चिमेच्या तीन बुटक्या रांगा मात्र तांदळाच्या दाण्याएवढ्या उरत होत्या. मधल्या रांगेच्या पायथ्याशी बायकोचं माहेर. जेवताना त्याने ही बातमी तिला मिटक्या मारत सांगितली.

"तुमच्याकडचे डोंगर आता फुंकर मारली तरी उडतील."

"लग्न झाल्यापासून एकदा तरी चढलात का?" बायको म्हणाली. "ओट्यावर बसून चहा पिता आणि परतीची गाडी पकडता."

मास्तरने भात कालवायला घेतला.

पुढे दगडमातीचे खरे रंग बघून यायला बाईंनीच त्याला तिकडे धाडलं. तो बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याबरोबर तिघंही डोंगराकडे निघाले.

खालून ती रांग लोळत पडलेल्या गुरासारखी दिसे. पहिली धार चढून मास्तर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "झालं?" त्याने विचारलं. मेहुणा नुसता हसला. पुढे खोल घळ होती, घळीपलीकडे तेवढाच चढ, आणि त्याच्या आड आणखी एक. नकाशावरच्या उंचीच्या रेषा मास्तरला तोंडपाठ होत्या; त्याच्या गुडघ्यांना त्या आज पहिल्यांदा कळत होत्या. पहिल्या धारेचा दगड तांबडा, भुसभुशीत, दुसरीचा काळपट. दोन्हींचे तुकडे पिशवीत टाकून तो पलीकडच्या घळीत उतरू लागला आणि त्याचा पाय मुरगळला.

"दाजी, पाठीवर बसा," मेहुणा म्हणाला.

मास्तर लाजेने नको म्हणाला, थोडा लंगडला आणि मुकाट्याने बसला. बायको त्याचे बूट हातात घेऊन पुढे चालत होती. ती टोमणासुद्धा मारेना, हे त्याला पायापेक्षा जास्त लागलं.

उरलेला मुक्काम खिडकीशी पडून गेला. सकाळी पुढची धार उजळे आणि मागच्या काळ्या राहत, दुपारनंतर उलटं, संध्याकाळी सगळ्या मिळून एकच होत.

"कंटाळा आला असेल," सासरे म्हणाले.

"नाही, बघतोय," मास्तर म्हणाला.

परत आल्यावर त्याने बाईंना विचारलं, तेवढा पश्चिमेचा कोपरा दुप्पट उंच केला तर?

"मग पूर्वेचा पर्वतही दुप्पट करा," बाई म्हणाल्या. "आहे तयारी?"

त्यांचं बरोबर होतं. कोपरा दाण्याएवढाच राहिला. पण मास्तर भिंग आणि सुई घेऊन बसला आणि त्याने एकेक घळ कोरून काढली. काम लांबलं, बाई कुरकुरल्या, तरी तो उठला नाही.

नकाशा खुला झाला त्या दिवशी गर्दी पूर्वेच्या पर्वतापाशी होती. दुपारी बायको आली. मास्तरने तिला कोपऱ्यात नेलं आणि सुईच्या टोकाने घराची जागा दाखवली. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"लहानच आहेत की हो," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, यांच्यापलीकडे काही नसेलच."

"चढणाऱ्याला लहान नाहीत."

तिने बोट पुढे केलं. हात लावायला मनाई होती. मास्तरने तिला अडवलं नाही. बोट घरापासून निघालं, पहिली धार ओलांडून घळीतून गेलं, दुसऱ्या धारेवर चढलं आणि थांबलं.

"इथून पुढे मी कधी गेले नाही," ती म्हणाली. "काय आहे तिकडे?"

"एक ओढा. मग शेवटची रांग, सगळ्यात बुटकी. नंतर सपाट जमीन, थेट समुद्रापर्यंत."

तिने मान हलवली. मागे एक कुटुंब ताटकळत होतं; त्यांना बघता यावं म्हणून दोघं बाजूला झाली.